सागरतळाचा ताळेबंद

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



शंभर वर्षे पूर्ण केलेल्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. कार्यवाहांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी ‘खोल सागरतळावरील खाणकाम’ असे उत्तर दिले. दूरध्वनीवर काही क्षण शांतता पसरली. मग त्यांनी अत्यंत विनयाने विचारले, “सर, हे एखाद्या कवितासंग्रहाचे नाव आहे का?” त्यांचा प्रश्न अगदीच गैर होता असे नाही. पंचवीस-तीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाने संतकाव्यावर बोलावे, फार तर गोमंतकीय कवितेवर बोलावे, अशीच अपेक्षा असते. समुद्राच्या तळाशी त्याचे काय काम?

माझे काम एका शब्दापासून सुरू झाले. समुद्राच्या समानार्थी शब्दांत ‘रत्नाकर’ हा शब्द आपण शाळेपासून घोकत आलो आहोत. ‘आकर’ म्हणजे खाण. तेव्हा रत्नाकर म्हणजे रत्नांची खाण. अमरकोशाने याच शब्दाच्या शेजारी समुद्राचे आणखी एक नाव दिले आहे, ‘यादःपती’. यादस् म्हणजे जलचर आणि यादःपती म्हणजे त्या जलचरांचा स्वामी. पहिले नाव समुद्राकडे संपत्ती म्हणून पाहते, दुसरे जीवसृष्टीचे घर म्हणून पाहते. कोशकाराला ही दोन नावे शेजारीशेजारी ठेवताना कोणतीच अडचण वाटली नाही. आज जगाला नेमकी तीच अडचण पडली आहे. ती आपल्यासारख्या सामान्य माणसांची अडचण का आहे, हे सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

प्रथम ही खाण कसली ते पाहू. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाच्या ब्रिटिश जहाजाने जगभरच्या महासागरांची पाहणी केली. खोल तळावरून वर काढलेल्या जाळ्यांत बटाट्याएवढे काळपट गोटे आढळले. त्यांना पुढे मँगनीजचे गोटे किंवा बहुधातुक गोटे असे नाव मिळाले. चार ते सहा हजार मीटर खोलीवर, जेथे सूर्यप्रकाशाचा एक किरणही पोहोचत नाही, तेथे मऊ गाळाच्या पृष्ठभागावर हे गोटे विखुरलेले असतात. पाच हजार मीटर म्हणजे किती? आपला कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. तीन कळसूबाई एकावर एक रचले तरी शिखर पाण्याखालीच राहील, एवढे. शार्कचा एखादा दात किंवा खडकाची कपची तळावर पडते आणि समुद्राच्या पाण्यातील व गाळातील धातूंचे थर तिच्याभोवती बसू लागतात. त्यांच्या वाढीचा वेग दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर इतकाच. मुठीत मावणारा एक गोटा घडून पूर्ण होईपर्यंत पृथ्वीवर माणूस नावाचा प्राणी अवतरलासुद्धा.

या गोट्यांत मँगनीज आणि लोह तर असतेच, शिवाय निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. पोलादाला मँगनीज लागते, विजेच्या तारांना तांबे लागते आणि आपल्या खिशातील दूरध्वनीच्या व विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारींच्या बॅटऱ्यांना कोबाल्ट व निकेल लागते. आपला देश कोबाल्ट आणि निकेल या दोन्हींसाठी परदेशांवर अवलंबून आहे. जगातले बहुतेक कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येते आणि निम्म्याहून अधिक निकेल एकट्या इंडोनेशियातून. तेव्हा भारताने या गोट्यांकडे लक्ष द्यावे, यात वावगे काहीच नाही.

आणि हे लक्ष प्रथम आपल्या गोमंतकातूनच गेले, हे येथे अभिमानाने सांगितले पाहिजे. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून पहिले गोटे वर काढले. त्या कामाच्या बळावर ऑगस्ट १९८७ मध्ये भारत हा ‘आद्य गुंतवणूकदार’ म्हणून नोंदणी मिळवणारा जगातील पहिला देश ठरला. मध्य हिंदी महासागरात, कन्याकुमारीपासून दोन हजार किलोमीटरांहून दूर, दीड लाख चौरस किलोमीटरांचा पट्टा आपल्याला पाहणीसाठी मिळाला. नियमाप्रमाणे त्यातील निम्मा भाग परत केल्यावर आज ७५,००० चौरस किलोमीटर उरले आहेत. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या देशाने समुद्राच्या तळाशी वीस गोवे राखून ठेवले आहेत, आणि त्या वीस गोव्यांत ३८ कोटी टन गोटे असल्याचा सरकारी अंदाज आहे.

मी ‘राखून ठेवले’ म्हणालो, ‘मालकीचे’ म्हणालो नाही. हा भेद हाच आजच्या विषयाचा गाभा आहे. हे वीस गोवे भारताच्या मालकीचे नाहीत. मग ते कोणाचे?

या प्रश्नाचे उत्तर १ नोव्हेंबर १९६७ रोजी एका चिमुकल्या देशाच्या प्रतिनिधीने मांडले. माल्टा हे बेट स्वतंत्र होऊन तीनच वर्षे झाली होती. त्याचे राजदूत अर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत प्रदीर्घ भाषण करून असे प्रतिपादन केले की, राष्ट्रांच्या हद्दीबाहेरचा सागरतळ हा मानवजातीचा सामाईक वारसा मानला जावा. अन्यथा ज्याच्याकडे यंत्रे आणि पैसा आहे तो सारा तळ बळकावील आणि बाकीचे काठावरून पाहत राहतील. तीन वर्षांनी, डिसेंबर १९७० मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हे तत्त्व जाहीर केले. १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातील माँटेगो बे येथे सागरी कायद्याच्या करारावर सह्या झाल्या आणि १६ नोव्हेंबर १९९४ पासून तो अंमलात आला. भारताने १९९५ साली त्याला मान्यता दिली. या करारानुसार किनाऱ्यापासून सर्वसाधारणपणे २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर त्या त्या राष्ट्राचा हक्क. त्यापलीकडचा आणि राष्ट्रांच्या भूखंडमंचांपलीकडचा तळ मात्र साऱ्या मानवजातीचा. जगाच्या सागरतळाचा निम्म्याहून अधिक भाग त्यात येतो. त्याचा कारभार पाहण्यासाठी जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरण स्थापन झाले. खाणकाम करायचे तर त्याची परवानगी हवी आणि लाभाचा वाटा सर्वांना, विशेषतः विकसनशील राष्ट्रांना, मिळायला हवा.

गोमंतकीय श्रोत्यांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. पार्दोंच्या आधी कित्येक शतके आपल्या गावांनी ती राबवलेली आहे. आपली गावकारी, जिला पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद हे नाव पडले आणि जिच्या रूढी १५२६ च्या फोराल नावाच्या सनदेत लिहून काढल्या गेल्या, ती याहून वेगळी काय होती? गावची जमीन गावाची. शेते लिलावाने कसायला द्यायची. त्या उत्पन्नातून खाजनांचे बांध आणि मानशी दुरुस्त ठेवायच्या, देवालयाचा खर्च चालवायचा आणि उरेल त्याचे जोण म्हणून गावकारांत वाटप करायचे. हिशेब सभेपुढे मांडायचा. त्या व्यवस्थेत सर्वांना स्थान नव्हते, बाहेरून आलेल्यांना नव्हते, लेकीसुनांना नव्हते, हा तिचा दोष मी झाकून ठेवू इच्छित नाही. पण मूळ सूत्र असे होते की सामाईक मालमत्तेचा उपभोग घेता येतो, परंतु तिचा हिशेब चुकवता येत नाही. सागरी कायद्याच्या कराराने साऱ्या पृथ्वीची एक गावकारी निर्माण केली आणि तिच्यात प्रथमच कोणालाही बाहेर ठेवले नाही. तुम्ही, मी, बाहेर उभा असलेला रिक्षाचालक, आपण सारे त्या गावकारीचे गावकार आहोत. आपल्याला त्याची वार्ता नाही, इतकेच.

ज्या गावकाराला आपल्या हिश्श्याची वार्ता नसते, त्याच्या हिश्श्याचे काय होते, ते आता पाहू.

करार अंमलात येण्याच्या काही महिने आधी, जुलै १९९४ मध्ये, श्रीमंत राष्ट्रांच्या आग्रहाखातर त्याच्या खाणकामविषयक भागात बदल करण्यात आले. विकसनशील देशांना तंत्रज्ञान देण्याचे बंधन सैल झाले; साऱ्या मानवजातीच्या वतीने खाणकाम करणारी ‘एंटरप्राइज’ नावाची संस्था कागदावरच राहिली. इतके करूनही अमेरिका करारात सामील झाली नाही ती नाहीच. मात्र एक चांगली तरतूद शिल्लक होती. श्रीमंत देशाने गोट्यांच्या पट्ट्यासाठी अर्ज करताना सारख्या किमतीचे दोन भाग दाखवायचे आणि त्यांपैकी एक विकसनशील राष्ट्रांसाठी राखीव ठेवायचा.

या राखीव भागाची कथा नाउरू या बेटाशी येऊन मिळते. प्रशांत महासागरातील हे बेट अवघे २१ चौरस किलोमीटरांचे; आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाएवढे. विसाव्या शतकात तेथील फॉस्फेट खणून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या शेतांवर खत म्हणून पसरण्यात आले. बेटाचा मधला बहुतेक सारा भाग चुनखडीच्या सुळक्यांचे उजाड रान होऊन बसला. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर काही वर्षे नाउरूच्या नागरिकांचे दरडोई उत्पन्न जगातील अग्रगण्य देशांच्या पंक्तीत होते. पुढे फॉस्फेट संपत आले आणि भविष्यासाठी साठवलेला निधी गैरव्यवहारात व फसलेल्या गुंतवणुकींत विरघळून गेला. अशा हातघाईला आलेल्या देशाचे पुरस्कर्तेपद घेऊन कॅनडातील एका कंपनीच्या उपकंपनीने प्रशांत महासागरातील राखीव पट्ट्यात पाहणीचा हक्क मिळवला. हवाई आणि मेक्सिको यांच्या दरम्यानचा हा प्रदेश क्लॅरिअन-क्लिपर्टन पट्टा या नावाने ओळखला जातो. मूळ कंपनी आज ‘द मेटल्स कंपनी’ या नावाने प्रसिद्ध आहे. गरिबांसाठी राखून ठेवलेला वाटा गरिबाच्या नावाने कोणाकडे गेला, ते आपल्या ध्यानी येईल. जून २०२१ मध्ये नाउरूने करारातील एका कलमाचा आधार घेऊन, दोन वर्षांत खाणकामाचे नियम पूर्ण करा, असा तगादा लावला. ती मुदत जुलै २०२३ मध्ये उलटली. २०२५ च्या बैठकांतही नियमावली पूर्ण होऊ शकली नाही. दरम्यान २४ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला आणि त्याच महिन्यात या कंपनीच्या अमेरिकी शाखेने प्राधिकरणाला वगळून, अमेरिकेच्या १९८० सालच्या एका कायद्याखाली, आंतरराष्ट्रीय तळावर खाणकामाची परवानगी मागितली. आपल्या भाषेत सांगायचे तर, गावकारीचा सभासद नसलेल्या शेजाऱ्याने स्वतःच्या घरी बसून गावच्या शेताचा पट्टा लिहून देण्याची तयारी चालवली.

कोणी विचारील, की पाच हजार मीटर खोलीवर, जेथे कोणी राहत नाही, तेथील चार गोटे उचलले तर कोणाचे काय बिघडले? हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण ‘जेथे कोणी राहत नाही’ हे गृहीत खरे नाही. गाळाने व्यापलेल्या त्या अफाट मैदानावर हे गोटे म्हणजेच एकमेव घट्ट आधार. स्पंज, प्रवाळाचे खोल पाण्यातील भाईबंद आणि इतर कितीतरी जीव त्यांनाच चिकटून उभे असतात. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी अशा एका फिकट रंगाच्या अष्टपादाची माहिती प्रसिद्ध केली, जो गोट्यांवर वाढलेल्या मृत स्पंजांच्या दांड्यांवर अंडी घालतो आणि ती उबेपर्यंत त्यांना कवटाळून राहतो. गोटा उचलला की स्पंज गेला, आणि स्पंज गेला की त्या मातेची जागा गेली. यादःपतीचा संसार असा एकात एक गुंतलेला आहे.

शिवाय यंत्र गोटे वेचून घेत नाही. ते तळाचा वरचा थर ओरबाडत पुढे सरकते आणि त्यासरशी उठलेला गाळाचा लोट प्रवाहाबरोबर पसरत जातो. १९८९ मध्ये पेरूनजीकच्या खोल समुद्रात जर्मन शास्त्रज्ञांनी प्रयोगादाखल तळ नांगरून ठेवला. २६ वर्षांनी, २०१५ मध्ये, ते परत गेले तेव्हा नांगराच्या रेघा जशाच्या तशा होत्या. प्रशांत महासागरात १९७९ मध्ये झालेल्या एका यंत्रचाचणीच्या खुणा ४४ वर्षांनंतरही स्पष्ट दिसल्या. काही छोटे जीव परतले होते, पण तळाचे रूप पूर्ववत झालेले नव्हते. आपल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही १९९७ मध्ये मध्य हिंदी महासागरात तळ मुद्दाम ढवळून त्याचे परिणाम तपासण्याचा प्रयोग केला. खाणकामाआधी परिणामांची विचारपूस करण्याचा हा शहाणपणा आपल्या शास्त्रज्ञांनी दाखवला, याची नोंद आपण घेतली पाहिजे.

मला भीती घालायची नाही. दोन हजार किलोमीटर दूर, पाच हजार मीटर खोल चाललेल्या कामामुळे उद्या आपल्या बाजारात बांगडा मिळेनासा होईल, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. जमिनीवरच्या खाणी निर्दोष आहेत, असेही कोणी म्हणू नये. काँगोतील खाणमजुरांचे आणि इंडोनेशियातील जंगलांचे हाल आपल्याच बॅटऱ्यांसाठी चालू आहेत. पण एक वाईट थांबेल म्हणून दुसरे करू द्या, हा युक्तिवाद ऐकताना दोन्ही चालू राहणार नाहीत याची हमी कोण देतो, हे विचारावे लागते. आणि कोबाल्ट व निकेल अजिबात न वापरणाऱ्या लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या आज बाजारात धावत आहेत, हेही विसरू नये. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढणारी वस्तू दहा-वीस वर्षांच्या गरजेसाठी खर्ची घालताना ती गरज पक्की आहे का, एवढे तरी पाहावे.

खाणीचा हिशेब म्हणजे काय, हे गोमंतकाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. माझे आजोळ खाणपट्ट्यात. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तेथे गेलो की डोंगराच्या अंगाने ट्रकांची रांग आणि नदीत बार्जांची रांग दिसे. पावसाळ्यात डोंगरावरच्या ढिगाऱ्यांची तांबडी माती ओहोळातून उतरून मामांच्या शेतात येई. एके वर्षी आवण करायला शेतच उरले नाही, गुडघाभर गाळ. मामांना नुकसानभरपाईची रक्कम मिळाली. एका वहीत सही करून त्यांनी ती घेतली. त्या रात्री जेवताना ते सहज म्हणाले, “भाचा, डोंगरातून किती माल गेला आणि माझ्या वाट्याला किती आले, हे त्या वहीत कुठेतरी लिहिलेले असणार. पण आधीची कागदपत्रे पोर्तुगीजमध्ये आणि आताची इंग्रजीत. माझी सही तेवढी मराठीत.”

मामा वारले त्याला बरीच वर्षे झाली. पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. चोरी झाली, असे मामा म्हणत नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की हिशेब कोठेतरी आहे, पण तो आपल्याला वाचता येत नाही.

पुढे काय झाले ते आपण सर्व जाणतो. चीनच्या मागणीमुळे गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात खनिज जाऊ लागले. २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल आला आणि खाणी बंद झाल्या. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून दिली आणि खनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. या सर्व वर्षांत ट्रकवाले, बार्जवाले, खाणकामगार यांच्या चुली विझल्या. त्यांचे दुःखही खरे होते. पण यातला मला सर्वांत बोचणारा भाग हा की, खनिज ही पुढच्या पिढ्यांचीही ठेव आहे, हे तत्त्व निधीच्या रूपाने आपल्याकडे आले ते डोंगर अर्धे रिते झाल्यावर. हिशेब शेवटी मागितला गेला. तो आधी मागायला हवा होता.

सागरतळाच्या बाबतीत तो आधी मागण्याची संधी अजून हातात आहे, आणि सामान्य माणसाचा या विषयाशी संबंध येतो तो इथे. व्यापारी प्रमाणावर खाणकामाची परवानगी प्राधिकरणाने अद्याप कोणालाही दिलेली नाही. पाहणीचे सुमारे तीस करार मात्र झालेले आहेत. त्यांत आपल्या भारत सरकारचे आहेत. गोट्यांसाठी २००२ चा, मध्य व नैर्ऋत्य हिंदी महासागरातील कटकांवरच्या सल्फाइड खनिजांसाठी २०१६ चा आणि कार्ल्सबर्ग कटकासाठी २०२५ चा. सल्फाइडांच्या पाहणीत आपल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचा मोठा वाटा आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ४,०७७ कोटी रुपयांची खोल महासागर मोहीम मंजूर केली. त्याच वर्षी चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने आपले यंत्र ५,२७० मीटर खोल तळावर चालवून पाहिले. त्या यंत्राचे नाव ‘वराह’. नाव सुंदर आहे. पण पुराणातला वराह बुडालेली पृथ्वी वर काढून तिच्या जागी ठेवण्यासाठी गेला होता, एवढे नाव ठेवणाऱ्यांनी ध्यानी धरावे.

खासगी कंपन्यांचे करार कोठल्या कोठल्या देशांच्या आडोशाला असतात. आपला करार खुद्द सरकारचा आहे, म्हणून आपली जबाबदारी दुहेरी आहे. पैसा आपल्या करांचा आहे आणि उत्तरदायित्वही आपल्या नावाचे आहे. पुरस्कर्त्या देशाची जबाबदारी किती, असा प्रश्न २०१० मध्ये नाउरूनेच पुढे आणला होता. त्यावर १ फेब्रुवारी २०११ रोजी सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या सागरतळ कक्षाने मत दिले, की देश गरीब असो वा श्रीमंत, दक्षतेचा दंडक सर्वांना सारखाच. याचा धडा पापुआ न्यू गिनीने महागात घेतला. स्वतःच्याच समुद्रातील खाणकामासाठी त्या देशाने एका परदेशी कंपनीत सुमारे बारा कोटी डॉलर गुंतवले. खाण सुरू होण्यापूर्वीच २०१९ मध्ये कंपनी बुडाली आणि तो पैसा शाळा-दवाखान्यांच्या तोंडातून काढल्यासारखा गेला.

देशाच्या स्वतःच्या सागरी हद्दीचा प्रश्न तर आणखी जवळचा. २०२३ मध्ये त्याविषयीचा कायदा बदलला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तेरा पट्ट्यांचा पहिला लिलाव पुकारला गेला. त्यांत ग्रेट निकोबारजवळचे गोट्यांचे पट्टे होते, गुजरातजवळचा चुन्याचा गाळ होता आणि केरळजवळची वाळू होती. केरळच्या मच्छीमारांनी २०२५ मध्ये त्याविरुद्ध संप केला. आमच्या रापणकारांनी १९७०-८० च्या काळात ट्रॉलरांविरुद्ध जो लढा दिला, त्याची मला तेव्हा आठवण झाली. समुद्र कोणाचा, हाच दोन्हीकडचा प्रश्न.

तर मग आपण काय करावे? तिसाहून अधिक देशांनी आजवर असे मत नोंदवले आहे की, पुरेसे ज्ञान आणि पक्के नियम हाती येईपर्यंत खाणकामाला थांबा द्यावा किंवा सावधगिरीचा विराम घ्यावा. मला ते पटते. आपणांपैकी काहींना पटणार नाही; देशाच्या गरजा मोठ्या आहेत, हे त्यांचे म्हणणेही मी समजू शकतो. परंतु थांबावे म्हणणारा आणि खणावे म्हणणारा, या दोघांनाही तीन प्रश्न विचारता आले पाहिजेत. किती काढणार? सामाईक निधीत किती भरणार, आणि त्यातले माझ्यापर्यंत कोणत्या रूपाने येणार? बिघाड झाला तर भरून कोण देणार? मामांना हे प्रश्न पडले होते. फक्त ते कोणाला आणि कोणत्या भाषेत विचारायचे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

आणि म्हणून मी हा विषय घेऊन ग्रंथालयात आलो. किंग्स्टनच्या प्राधिकरणाचे कागद संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत चालतात. त्यांत एकही भारतीय भाषा नाही. आपल्या सरकारचे करारमदारही इंग्रजीत. जो वारसा साऱ्या मानवजातीचा आहे, त्याची कागदपत्रे मानवजातीतल्या फार थोड्यांना वाचता येतात. तेव्हा माझी या ग्रंथालयाला विनंती अशी की, नव्या शतकात कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाशेजारी एक छोटे कपाट समुद्राचे असावे. दोनापावलच्या आणि वास्कोच्या शास्त्रज्ञांना वर्षातून एकदा येथे बोलवावे आणि मराठीत बोलायला लावावे. ते आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहेत. सागरी करारातील मुख्य कलमे कोणी विद्यार्थ्याने मराठीत आणावीत. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. समुद्राविषयीचा एखादा अर्ज या वाचनकक्षातूनही जाऊ शकतो.

हे ग्रंथालय तरी काय आहे? तीही एक सामाईक मालमत्ताच. शंभर वर्षांपूर्वी काही माणसांनी पदरचे चार पैसे घालून ती उभी केली. ज्यांनी वर्गणी दिली त्यांतले कित्येक स्वतः फारसे वाचणारेही नसतील; पण आपल्यानंतर कोणी वाचील, एवढा भरवसा त्यांना होता. येथे दरवर्षी सर्वसाधारण सभा होते आणि ताळेबंद मोठ्याने वाचला जातो. तो वाचला जात असताना आपल्यापैकी अनेकजण चहाची वाट पाहत असतात, मीही पाहतो. पण ज्या दिवशी तो वाचणे बंद होईल, त्या दिवशी ग्रंथालय बंद पडायला सुरुवात होईल, हे आपण सर्व जाणतो. येथून नेलेले पुस्तक दुसऱ्याला वाचता येईल अशा स्थितीत परत करावे, हा नियम शंभर वर्षे त्या फळ्यावर लिहिलेला आहे. पृथ्वीचा निम्म्याहून अधिक सागरतळ आपल्या सर्वांच्या नावावर चढला आहे. त्याचा ताळेबंद आपल्यापुढे वाचला जावा, एवढी मागणी करण्याचा हक्क आपल्याला आहे. तो बजावण्याची वेळ खणून झाल्यावरची नव्हे, आताची आहे.